पट्टा खोटं बोलत नाही

"जुळतं की नाही, एवढंच लिही," म्हणत सुपरवायझरने कागद पुढे सरकवला.

कागदावर एकच प्रश्न होता. तुमच्या जोडीदाराचा आकडा आणि तुम्ही रोज पाहता ते काम जुळतं का? जोडीदार म्हणजे मावशी. गोदामात पॅकिंगच्या टेबलावर ती आणि बारकी समोरासमोर उभ्या राहत. सहा महिन्यांपूर्वी सगळ्यांच्या मनगटाला पट्टे आले. हात किती चालला ते पट्टा मोजायचा आणि संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर आकडा लागायचा. बारकी चौऱ्याण्णव, मावशी एकसष्ट. आता प्रत्येक टेबलावरून एकीला घरी पाठवायचं ठरलं होतं.

बारकीचं पेन अडलं. मावशीकडची खोक्यांची रास तिला नेहमी उंच दिसायची.

"साहेब, पण मावशीचा हात तर..."

"डोळे फसतात गं. पट्ट्याला ना मावशी, ना भाची. म्हणून तो खरं बोलतो." तो हसला. "तुझं नाव वर आहे, तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

घरी आठ महिन्यांचं बाळ होतं, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. पण खरं सांगायचं तर तो चौऱ्याण्णवचा आकडा तिला आवडायला लागला होता. पट्टे आले त्याच आठवड्यात ती बाळंतपणानंतर कामावर आली होती. धड उभं राहवत नव्हतं, तरी नाव वर! सासूला तिने ते चारदा ऐकवलं होतं.

तिने 'जुळतं' असं लिहिलं. सही करताना कान तापले.

संध्याकाळी मावशीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिने डबा पिशवीत भरला. बारकीला तिच्याकडे बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती उगाच खोक्यांवर टेप ओढत राहिली.

"मावशी, मी काही मुद्दाम..."

"वेडी का खुळी? तुझं लेकरू लहान आहे." मावशीने तिच्या गालाला हात लावला. "उद्यापासून लवकर येत जा. फळीवरून पट्टे काढून आणायला, तुझ्या हाताला बांधायला मी नसेन."

दुसऱ्या दिवशी माणसं कमी झाली म्हणून सुपरवायझरने पट्ट्यांच्या आतले नंबर यादीशी ताडून पट्टे स्वतः वाटले. बारकी जीव तोडून राबली. पाणी प्यायलाही थांबली नाही. संध्याकाळी पडद्यावर तिच्या नावापुढे अठ्ठावन्न लागले.

"काय गं, एका दिवसात हवा गेली?" सुपरवायझर म्हणाला. "आठवडाभर बघतो. मग तुझंही बघावं लागेल."

बाहेर येऊन तिने मावशीला फोन लावला. कोणत्या तोंडाने बोलायचं ते कळत नव्हतं, पण दुसरं होतं कोण?

"मावशी, माझा पट्टा बिघडलाय बघ. अठ्ठावन्न दाखवतोय."



"बिघडला नाही गं," मावशी म्हणाली. "पट्टे आल्यापासून आज पहिल्यांदा तुझ्या हाताला तुझा पट्टा आहे."