गिल्बर्टची अक्षरं

स्कॉटलंडच्या आमच्या बंदरात पूर्वी मुली भरतकाम शिकताना घरच्यांची आद्याक्षरं भरायच्या. जिवंतांची हिरव्या रेशमानं, गेलेल्यांची काळ्यानं. असंच दोनशे वर्षांपूर्वीचं, एल्स्पेथ नावाच्या मुलीचं चौकटीत बसवलेलं कापड घेऊन मॅग्नसआजोबा गावच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या माझ्याकडे आले. "ही आमची कोण, तेवढं शोध गं." मी चर्चच्या जुन्या वह्या चाळल्या. तिचा भाऊ गिल्बर्ट देवमाशांच्या शिकारीला गेला, जहाज बुडालं, तो गेला असं समजून त्याच्यासाठी प्रार्थनाही झाली. कापडावर मात्र त्याची अक्षरं हिरवी! "चुकली असेल. आमच्या घराण्यात कुणाला धड काही जमलंय?" आजोबा हसले. मी चौकट उघडून कापड उलटं केलं. हिरव्या टाक्यांखाली काळे टाके होते. पुढच्या वहीत सापडलं: दोन वर्षांनी गिल्बर्टचं लग्न! तिथून पुढच्या नोंदी मॅग्नसआजोबांपर्यंत जुळल्या. "आजोबा, तो जिवंत परतला होता, आणि तुम्ही त्याच्याच वंशातले." ते टाक्यांवरून राठ बोट फिरवत म्हणाले, "काळं उसवायलासुद्धा थांबली नाही गं माझी आत्या!"