साक्षीचा पांढरा शर्ट

“हिला ना साहेब, मी फक्त गेटजवळ झाडू मारताना बघितलंय. नावसुद्धा आत्ता इथे आल्यावर कळलं,” प्रभाकर म्हणाला, आणि खोटं बोलणं इतकं सोपं असतं याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

ठाण्याच्या कामगार कचेरीत टेबलापलीकडे अधिकारी लिहून घेत होते. अलीकडे कंपनीचे गुरुदत्तसाहेब, त्यांच्याजवळ त्यांचा साक्षीदार प्रभाकर, आणि समोरच्या खुर्चीत एकटी कलावती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की डोंबिवलीच्या रंगाच्या कंपनीत ती प्रभाकरच्या जोडीनं रंगखात्यात काम करते. तीच भुकटी चाळते, तेच ड्रम भरते. मग त्याला ऑपरेटरचा पगार आणि तिला झाडूवालीचा, त्याच्या निम्मा, असं का? कंपनीचं म्हणणं त्याहून सोपं होतं. ती झाडूवालीच आहे. रंगखात्याची पायरी ती कधी चढलेलीच नाही.

“मग यांचे हात लाल कसे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“बायका मेंदी लावतात, साहेब,” गुरुदत्त म्हणाले.

प्रभाकर मोठ्यानं हसला. हसायचं काही ठरलेलं नव्हतं, ते त्यानं वरकड म्हणून दिलं.

तसा त्याचा तिच्यावर राग नव्हता. राग यायलाही माणूस बरोबरीचा लागतो. बाईच्या जातीनं मिळतंय ते घ्यावं, सुट्टीत भिंतीला टेकून डबा खावा, घरी जावं. हिला म्हणे बरोबरीचा पगार! उद्या म्हणेल, मिशापण द्या. शिवाय एवढी साक्ष झाली की त्याला फोरमन करणार होते. गुरुदत्तसाहेबांनी तसं तोंडानं सांगितलेलं. हातात अजून काही पडलं नव्हतं, पण अंगावर पडलं होतं. साक्षीसाठी साहेबांनी त्याला नवाकोरा पांढरा शर्ट घेऊन दिला होता. साक्षीदार कसा स्वच्छ दिसला पाहिजे, म्हणाले.

“पांढरा? तुम्ही?” सकाळी कोपर स्टेशनजवळच्या खोलीत त्याची बायको नंदा म्हणाली होती. त्याचे कपडे ती वेगळ्या बादलीत धुवायची. भाच्याच्या लग्नातसुद्धा तिनं त्याला चॉकलेटी शर्टच घालायला लावलेला. “अहो, उकाडा बघा केवढा आहे आज.”

“साहेबांनी दिलाय. तुला काय कळतंय?”

साहेबांच्या अकलेवर त्याचा भारी विश्वास. घरच्या अकलेकडे त्यानं कधी ढुंकून बघितलं नव्हतं.

कचेरीबाहेरच्या बाकावर कलावतीला बघून तर त्याला हसूच फुटलं होतं. ही बया पांढरी साडी नेसून आलेली!

“काय गं, नवरा खपला की काय?”

“नवरा ठणठणीत आहे, दादा. आंबिवली स्टेशनबाहेर भजी तळतोय,” ती म्हणाली. मग त्याच्या शर्टाकडे बघतच राहिली. “तुम्हीपण पांढरं घातलंत? बरं केलंत हो.”

त्याला वाटलं, बिचारी लोणी लावतेय.

आता अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, “बाई, तुम्हाला या साक्षीदाराला काही विचारायचंय?”

“विचारायचं काही नाही, साहेब. तेवढा पंखा बंद करा. त्याच्या खडखडाटात ऐकू येत नाही. हे लोक माझ्याबद्दल काय काय बोलतात, ते मला नीट ऐकायचंय.”

पंख्याला अधिकारीही विटलेले होते. त्यांनी शिपायाला खूण केली. पंखा दोन आचके देऊन थांबला.

गुरुदत्तसाहेबांना ते फावलं. आपला आवाज आपल्यालाच स्वच्छ ऐकू येतोय म्हटल्यावर ते जे सुटले, ते थांबेचनात. बाईमाणसाला ड्रम पेलतो का? रंगखात्यात डोकं लागतं, नुसते हात नाही. कायदा सारख्या कामाला सारखा पगार म्हणतो, कबूल. पण झाडू आणि मशीन सारखं कसं? प्रभाकर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मे महिन्याची दुपार, खाडीवरची दमट हवा, आणि एकुलत्या एक खिडकीला कपाट आडवं लावलेलं. खोलीतला प्रत्येक जण घामानं निथळायला लागला.

कलावतीच्या मानेजवळ, पांढऱ्या पदरावर, एक गुलाबी ठिपका उमटला. मग दुसरा. मग खांद्यावरून ओघळ उतरला. रंगखात्याची भुकटी कितीही घासा, कातडीत मुरून बसते आणि घाम आला की त्याच्याबरोबर बाहेर येते.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. त्यांनी तिच्या पदराकडे बघितलं. मग प्रभाकरकडे बघितलं. त्यांची नजर कुठे आहे म्हणून प्रभाकरनं मान खाली घातली, तर साहेबांनी दिलेल्या शर्टावर, कॉलरपासून छातीपर्यंत, तोच गुलाबी उतरत होता. घाम गुरुदत्तसाहेबांनाही आला होता. त्यांचा शर्ट तेवढा पांढराच होता.

“वारा असतो, साहेब,” गुरुदत्त घाईघाईनं म्हणाले. “उडते भुकटी गेटपर्यंत. झाडताना लागली असेल. आमचा माणूस आत्ताच म्हणाला ना, तो तर हिला ओळखतही नाही!”

आमच्या माणसाचं लक्ष नव्हतं. त्यानं रुमाल काढला होता आणि नवाकोरा शर्ट जिवाच्या आकांतानं पुसत होता. कलावतीला ते बघवेना. दोघं रंगखात्यात असल्यासारखी ती सवयीनं ओरडली,

“अहो दादा, ओल्यावर पुसू नका, पसरतो! पहिल्या दिवशी तुम्हीच नाही का मला शिकवलंत?”