हीटरवाल्याच्या घरात रजई नसते

"मरेन, पण त्या गादीवाल्याच्या दारात जाणार नाही," बाबा म्हणाले. तोंडातून शब्दांच्या आधी वाफ आली.

दुपारपासून वीज नव्हती. घरात पाच हीटर होते. पाचही बाबांच्या दुकानातले, अव्वल दर्जाचे आणि बर्फासारखे गार. रजई मात्र एकही नव्हती. हीटरवाल्याच्या घरात रजई दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल, असं म्हणून बाबांनी होत्या नव्हत्या तेवढ्या वाटून टाकल्या होत्या. आता आई पडदा पांघरून बसली होती. लेकीनं गणवेशावर बाबांचे दोन शर्ट आणि त्यावर टेबलक्लॉथ चढवला होता. आजोबांनी कानांवर मोजे ओढले होते. त्यांची काढून ठेवलेली कवळीसुद्धा वाटीतल्या वाटीत वाजतेय की काय, असं वाटत होतं.

गादीवाले काका रस्त्यापलीकडेच राहायचे. दोघांची दुकानंही समोरासमोर. बाबांच्या पाटीवर लिहिलं होतं, 'रजईत मांजरं झोपतात.' काकांच्या पाटीवर, 'वीज गेली की इकडेच याल.'

म्हणजे आज जायचं तर ती पाटी खरी करायची.

"बाबा, नाक लालभडक झालंय तुमचं," लेक म्हणाली. "जरा खाली आणलंत, तर आम्हालाही ऊब मिळेल."

"आगाऊ कार्टी!"

आई उठली. "आम्ही चाललो. तुम्ही बसा नाक सांभाळत."

टॉर्च तिच्याच हातात होता. एकट्यानं अंधारात बसायची बाबांची छाती नव्हती. पडदा, टेबलक्लॉथ, मोजे आणि सर्वांत मागे नाक, अशी वरात रस्ता ओलांडून गेली.

दार काकांनीच उघडलं. अंगावर गोणपाट. आत काकू पोटाला एक आणि पाठीला एक उशी बांधून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर, पाटावर, बाबांच्याच दुकानातला हीटर. थंडगार.

"रजई..." बाबा कसेबसे म्हणाले.

"गिऱ्हाइकं तुटून पडली हो. घरातल्यासुद्धा विकल्या. म्हटलं, हीटर आहे ना." आणि काकांनी जीभ चावली.

बाबांचं नाक टुणकन वर गेलं. "हा कधी नेलात?"

"मी कशाला नेतोय? मेव्हण्यानं आणला! आणि काय हो, असला फडतूस माल विकता? दुपारपासून ढिम्म तापला नाही!"

"अहो, त्याला वीज लागते!"

"मग तसं लिहा की पाटीवर! मांजरांच्या काय मागे लागता?"

काकूंनी मेव्हण्याची बाजू घेतली, आईनं मांजरांची. हातवारे सुरू झाले. गोणपाट गळून पडलं. लेकीनं टेबलक्लॉथ काढला, मग एक शर्ट, मग दुसरा. बाबांच्या कपाळावर घाम आला. शेवटी बाबा आणि काका दम खायला थांबले.

आजोबांनी खिशातून आणलेली कवळी घाईघाईनं बसवली.

"थांबलात कशाला रे? आत्ता कुठे खोली तापायला लागलीय!"