ब्युनोस आयर्सची रीत

पंचावन्न साली आगबोटीवरचा खलाशी फॉस्टिन अर्जेंटिनाची फेरी करून मालवणला घरी आला, पण त्याची जीभ काही परत आली नाही. बायकोने, फ्रान्सिस्काने, बांगड्याचं तिखलं वाढलं की तो ताट सरकवायचा आणि ब्युनोस आयर्सच्या हॉटेलांचं पुराण लावायचा. हॉटेलाच्या दारातच फुललेले निखारे, त्यावर खरपूस होणारं मांस, रस्ताभर सुटलेला वास! वाडीतल्या बायका कामं टाकून ऐकायला जमायच्या. फ्रान्सिस्का तेवढी आत चुलीच्या धुरात डोळे पुसत असायची.

एकदा मासे विकणाऱ्या गंगूने मध्येच विचारलं, "काय रे फॉस्टिन, थंय रांधता कोण?"

"बाप्ये!" फॉस्टिन भलताच रंगात आला होता. "हॉटेलातच न्हय, घराकडे पण. आयतवारी मास भाजूचा काम बाप्यांचाच. बायलमाणसा नुसती खुर्चेर बसतत, नि जेवान झाला की भाजणाऱ्याक टाळयो वाजवतत!"

आतला फुंकणीचा आवाज थांबला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतरच्या गप्पा उरकून फॉस्टिन घरी आला, तर अंगणात निखारे फुलले होते आणि शेजारी परातभर सुरमई मीठ-हळद लावून तयार होती. निखाऱ्यांपाशी मात्र कुणीच नव्हतं.



वाडीतल्या झाडून सगळ्या बायका खुर्ची, पाट, उलटी टोपली, मिळेल त्यावर ऐसपैस बसून टाळ्यांची तालीम करत होत्या.