जावयाची गाडी

ठेकेदाराची पहिली गाडी सिमेंट भरून कंपनीच्या आतून गेटाशी आली, तेव्हा आम्ही कंपनीचे ड्रायव्हर रस्ता अडवून बसलो होतो. वाहतूक ठेक्यावर गेल्यानं आमच्या नोकऱ्या जाणार होत्या. गाडीची काच खाली झाली आणि आतून माझाच जावई डोकावला.

"तात्या, उठा की! जावईबापू आलेत, पाय धुवायला पाणी आणा," आमच्यातला गुलाबभाई ओरडला. सगळे हसले. मला हसता येईना.

"मामा, बाजूला व्हा," जावई हळूच म्हणाला. "गाडी निघाली नाही, तर ठेकेदार उद्या दुसऱ्याला बसवील."

"पाहुणं, ही निघाली की मागच्या सगळ्या निघतील. मग आम्ही कुठं जायचं?"

"आणि मी? तुमच्या लेकीला काय सांगू?"

मागून हॉर्न वाजायला लागले. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरून चावी माझ्या हातात दिली. "गाडी तुम्हीच शिकवलीत. आता काय करायचं तेही तुम्हीच ठरवा." तो पाठमोरा उभा राहिला.

हसणं थांबलं. गेटावरचा वॉचमन धावत आला. "गाडी काढा! ड्रायव्हर कोण हिचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते.