भर हंगामातली बदली

लाडक्या बेसबॉल संघाने भर हंगामात चेंडू फेकणारा आपला पिचर दुसऱ्या संघाला देऊन टाकला, म्हणून न्यू जर्सीतल्या दिवाणखान्यात जावई आणि त्याचा मित्र तावातावाने भांडत होते.

"खांदा गेलाय त्याचा. करार संपेपर्यंत अजून चार वर्षं कोण पोसणार?" जावई म्हणाला.

"अरे, पण मागच्या वर्षी फायनल त्यानेच जिंकून दिली."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सासरे दिगंबरराव शेंगा सोलत ऐकत होते. खेळ त्यांना कळत नव्हता. बदली मात्र कळत होती. बत्तीस वर्षांत अकरा झाल्या होत्या.

"मुलांच्या शाळेचं काय केलं त्याने?" त्यांनी विचारलं.

ही आकडेवारी दोघांकडेही नव्हती.

चहा घेऊन आलेली लेक म्हणाली, "चौथीत माझ्या तीन शाळा झाल्या, बाबा. तेव्हा नाही विचारलंत."

दिगंबररावांनी सोललेले सगळे दाणे तिच्यापुढे सरकवले.