हा कोणाचा?

"हा कोणाचा?"

प्रश्न दुभाष्याने विचारला. त्याच्यामागे नॉर्मन अधिकारी होता, अजून घोड्यावरच. समोर चर्चच्या दारात फळीवर प्रेत. दाढीमिशी सफाचट, मागचे केस कानाच्या वरपर्यंत भादरलेले, नॉर्मन स्वारांसारखे. डोक्यामागे कुऱ्हाडीचा एकच घाव.

गाव अर्धवर्तुळात उभं होतं आणि सगळे अल्वीवाकडे बघत होते. म्हातारीला एकच शब्द बोलायचा होता. पहाटे तिच्याकडून तो दोनदा म्हणवून घेतला होता.

*

हा कोणाचा?

हेच चोवीस वर्षांपूर्वी, याच दारात, पाद्र्याने विचारलं होतं. बाप्तिस्म्याच्या पाण्याने भिजलेलं पोर छातीशी धरून ती म्हणाली होती, माझा. नाव टोकी. गाव हसलं होतं, कारण पाद्री तिचा सख्खा दीर होता आणि त्यानेच रात्रभर पाळणा ठोकला होता.

*

हा कोणाचा?

सात वर्षांपूर्वी. टोकी घोड्यावरून गावात शिरला. आता त्याचं नाव रोबेर होतं. दोन दिवसांच्या वाटेवरच्या किल्ल्यात तो इंग्लंड जिंकून बसलेल्या नॉर्मनांचे घोडे सांभाळायला लागला होता. गावचा कारभारी थर्किल वाटेत आडवा उभा राहिला.

"हा कोणाचा गं, अल्वीवा? आमच्या टोकीला मिशी होती. ह्याचं तर थोबाड सोललेल्या अंड्यासारखं आहे."

गाव हसलं. थर्किलचा जावई ग्रिम हसला नाही. तो घोड्याच्या पायावर थुंकला.

त्याच हिवाळ्यात नॉर्मन राजाच्या स्वारांनी उत्तरेतली कोठारं जाळली. टोकी त्यांच्यात होता की नव्हता, कुणी विचारलं नाही. अल्वीवाला शेजारी विस्तव देईनासे झाले. विहिरीवर तिची घागर शेवटी. पोरं तिला नॉर्मनांची माय म्हणायची आणि मोठे त्यांना गप्प करत नसत. तो आपलाच आहे, असं ती प्रत्येकाला सांगत फिरली. शेवटी थर्किलने तिला उभ्या उभ्या सुनावलं की तो आपला राहिलेला नाही, तुझाही नाही, तो त्यांचा झाला.

टोकी वर्षातून एकदा यायचा. कापणी झाली की. आईसाठी मिठाची पिशवी आणायचा आणि अंधार पडायच्या आत निघून जायचा.

*

आज पहाटे कारभाऱ्याची बायको अल्वीवाच्या दारात आली. हातात सातूचा गरम पाव. मागे थर्किल, त्याच्यामागे ग्रिम.

"काकू," थर्किल म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा.

त्याने सगळं सांगितलं. टोकी मेला. तीन दिवस झाले, तिच्याच शेताखालच्या खंदकात पडलाय. शेजारच्या गावच्या डुकरं राखणाऱ्याने पाहिलं आणि वर कळवलं, नाहीतर गुपचूप मिटलं असतं. अनोळखी प्रेत नॉर्मनाचंच धरायचं, हा राजाचा कायदा. नॉर्मन मेला तर पाच दिवसांत मारणारा हजर करायचा, नाहीतर गावाचं सगळं जायचं, बैलांपासून बियाण्यापर्यंत. इंग्रज मेला तर पुरायचं आणि आपापल्या घरी जायचं. मात्र तो इंग्रज आहे हे रक्ताच्या नात्याने शपथेवर सांगायला हवं. नवरा आणि दीर कधीच वारले होते. टोकीचं असं ती एकटीच उरली होती.

"कुणी मारलं?"

"आता ते कशाला, काकू? आपलंच लेकरू. काकांच्या शेजारी पुरू त्याला. गाव खांदा देईल."

मग त्याने तिच्याकडून 'माझा' हा शब्द दोनदा म्हणवून घेतला. ग्रिम जमिनीकडे बघत होता. कारभारणीने पावाचा तुकडा मोडून अल्वीवाच्या हातात दिला, खा म्हणाली, उपाशीपोटी शपथ घेऊ नये.

पाव खारट होता.

ईस्टरपासून या कापणीपर्यंत गावात मिठाचा खडा नव्हता. अल्वीवा तो घास बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, चला.

*

"हा कोणाचा?" दुभाष्याने पुन्हा विचारलं. "इंग्रज की नॉर्मन? पोथीवर हात ठेव आणि सांग, बाई."

तिने हात ठेवला. फळीवरून प्रेताचा हात लोंबत होता. करंगळी वाकडी. चार वर्षांचा असताना जात्यात सापडली होती, आणि रडं थांबेपर्यंत तिने ती तोंडात धरली होती. तिचा दुसरा हात करंगळीकडे गेला. तिने तो मागे घेतला, पाठीशी धरला.

"काकू," थर्किल हळूच म्हणाला.

"कारभाऱ्यांनी सांगितलंय मला," ती म्हणाली. "हा आमचा नाही. माझाही नाही. हा तुमचा."

दुभाष्याने ते अधिकाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं. अधिकारी घोड्यावरून उतरला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, अंगावरचा झगा सोडला आणि प्रेतावर पसरला. करंगळी बाहेर राहिली. प्रेत आता किल्ल्यावर जाणार होतं, तिथल्या मातीत. मग तो गावाकडे वळला आणि पंजा उघडून पाच बोटं दाखवली.

त्याचा अर्थ सांगायला दुभाष्या लागला नाही.

ग्रिमच्या डावीकडचा माणूस एक पाऊल सरकला. मग उजवीकडचा. मग मागचे दोघे. कारभारणीने नवऱ्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं. अर्धवर्तुळात एक मोकळी जागा झाली आणि त्या जागेत ग्रिम उरला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं. थर्किल स्वतःच्या पायांकडे बघत होता.

अधिकाऱ्याने बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"हा कोणाचा?" दुभाष्या म्हणाला.

गावातून उत्तर आलं नाही.